पत्ताकोबीत रोवलेली फुलं

मार्चमध्ये, सोमवारी सकाळी, माझी बायको गेली. ती चहा गाळत होती. गाळणी ओट्यावर पडली, ती खाली बसली आणि उठली नाही. मी तिला ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दुपारी मुलगी लातूरहून आली. तिला दिवस गेले होते. हे तिच्या आईला ठाऊक होतं. मला त्या दिवशी कळलं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तीस वर्षं पुस्तकांवर क्रमांक टाकले, पोरांना ‘हळू बोला’ म्हटलं आणि निवृत्त झालो. घरात बोलणं, हसणं, भांडणं, सणवार, पाहुणे हे सगळं बायकोकडे होतं. आम्हा दोघांत मिळून एक बोलकं माणूस होतं, ते गेलं.

चौदावा झाला आणि मुलगी सासरी परत गेली. मी स्वयंपाक शिकलो, म्हणजे खिचडी शिकलो. सकाळची संध्याकाळी खायची, संध्याकाळची सकाळी. तीही ओट्यापाशी उभ्यानं, पातेल्यातूनच. कधी कधी पातेलं तसंच झाकून ठेवायचो आणि वाचत बसायचो. वाचलेलं काही आठवत नाही.

जूनच्या सुरुवातीला विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं लातूरला किराणा दुकान आहे. अर्धा दिवस त्या स्वतः गल्ल्यावर बसतात, त्यामुळे आवाज असा की फोन मध्ये नसता तरी चाललं असतं.

“दादा, रागावू नका, पर तुमची लेक काय बी खाईना झालीय. वरणभात केला, नको म्हणली. धपाटं केलं, वास येतो म्हणली. आंबट दिलं, गोड दिलं, कशालाच हात लावंना. पाचवा लागला, आता तर डोहाळे लागाया पाहिजेत. मी तिला माहेरी धाडते. माहेरचं पाणी पोटात गेलं की बघा कशी खायला लागती.”

“ताई, माहेरी आता आहे कोण?” मी विचारलं.

“तुम्ही न्हाईत का?” त्या म्हणाल्या. बसची वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

मुलगी आली तेव्हा गालाची हाडं वर आली होती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, लातूरचे कागद पाहिले आणि मला आत बोलावलं. “वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय. बाळ आईकडूनच घेणार ना? महिनाभर पाहू. सुधारलं नाही तर भरती करून घेऊ.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “घरात बाई कोण आहे?”

मी म्हटलं, “मी आहे.”

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

तर मला एक काम मिळालं होतं. मुलीनं खायला हवं, एवढंच. ती माझं मन राखायला ताटावर बसायची, दोन घास घ्यायची आणि ताट हळूच पुढे सरकवायची. रडायची नाही, कुरकुर करायची नाही. “पोट भरलं बाबा,” म्हणायची. चिमणीचंही भरलं नसतं. मी खिचडीत तूप जास्त घातलं, मग कमी घातलं, मग शेंगदाणे घातले. शेजारच्या वहिनी हदगावकडच्या, सुगरण. त्यांनी डबे पाठवले. डबे परत जायचे, जरा उष्टे होऊन.

निवृत्तीच्या आधी कॉलेजात एका पाहुण्यांच्या सत्काराला हारतुऱ्यांऐवजी फळांचा गुच्छ दिला होता. टोपलीत खरबुजाची फुलं, द्राक्षांच्या माळा, वर अननसाचा तुरा. प्राचार्यांचं प्रास्ताविक लांबत गेलं तसा पाहुण्यांनी हात पुढे करून खरबुजाचं एक फूल तोडलं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. आभारप्रदर्शनापर्यंत गुच्छाला एका बाजूनं टक्कल पडलं. मी मागच्या रांगेत होतो. भूक नसलेला माणूसही अशा वस्तूला हात घालतो, असं त्या दिवशी वाटलं होतं. आता ते एकदम आठवलं.

मोबाइलवर शोधलं. एक बाई, कुठल्या देशातली कोण जाणे, चार मिनिटांत टोपली भरून फुलं करत होती. मी तिला दर दोन सेकंदांनी थांबवत वहीत उतरवून घेतलं. सकाळी बसलो, दुपार झाली. ‘पाते आडवे धरणे. देठाकडून टोकाकडे. घाई नको.’ अशी चार पानं झाली. आयुष्यभर नोंदीच केल्या होत्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा नोंदलेलं लगेच हातानं करून पाहायचं होतं, आणि मला घाम फुटला.

गाड्यावरून आंबे, खरबूज, केळी आणली. सुरी बोथट निघाली. आंब्याचा गुलाब करायला गेलो, त्याचा आमरस झाला. केळीची चाकं पाच मिनिटांत काळी पडली. खरबुजाची मात्र सात फुलं झाली, म्हणजे मी त्यांना फुलं म्हणत होतो. आता काड्या हव्या होत्या. बांबूच्या काड्या घरात कुठून असणार? देवघरात उदबत्तीचा पुडा होता. मी बारा उदबत्त्या सुरीनं खरडून साफ केल्या. मग त्या रोवायला काहीतरी बूड हवं. मोबाइलवरच्या बाईकडे हिरवा स्पंज होता. माझ्याकडे कणिक होती. मी गच्च गोळा मळला, ताटलीत ठेवला, त्यात काड्या रोवल्या, काड्यांवर खरबुजाची फुलं लावली, खाली काळी केळी मांडली आणि ताटली मुलीपुढे ठेवली.

तिनं ताटली एकदा गोल फिरवून पाहिली.

“बाबा.”

“काय?”

“हे पिंडासारखं दिसतंय.”

मी पाहिलं. दहाव्याला गोदावरीच्या काठावर मीच मांडलं होतं, अगदी तसंच होतं. कणकेचा गोळा, त्यावर काहीबाही, बाजूला केळी. कावळाच तेवढा कमी होता. ताटली उचलायला हात पुढे केला तर तिच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं, फुटला बांध. पण ती हसत होती. आधी तोंड दाबून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. “कावळा... कावळा बोलवा...” एवढंच तिला म्हणता येत होतं. आणि मी, ज्यानं तीस वर्षं लोकांना हळू बोलायला सांगितलं, तो खुर्चीचा दांडा धरून असा हसू लागलो की चष्मा घसरून कणकेत पडला.

वहिनी पदर सावरत धावत आल्या. “काय झालं? पुन्हा काय झालं?” त्यांना बाहेरून रडणं वाटलं होतं. आम्हाला सांगता येईना. आम्ही नुसतं ताटलीकडे बोट करत होतो. त्यांनी ताटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, “भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही? सुतक संपून दोन महिने झाले!”

त्यावर मुलगी पुन्हा हसली. डोळे पुसून तिनं एक फूल काडीवरून काढलं आणि तोंडात घातलं. तिनं चावलं, थांबली, आणि ओंजळीत थुंकलं.

“बाबा, ह्याला मोगऱ्याचा वास येतोय.”

खाणं झालंच नाही त्या दिवशी. पण मार्चपासून आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं, आणि मला त्या हसण्याची चटक लागली. हे लिहायला संकोच वाटतो. घरात अजून बायकोच्या साड्यांना तिचा वास होता, आणि मी रोज सकाळी उठून आज कोणतं फळ हाती घ्यावं या विचारानं खूश होत होतो. पण तसंच झालं होतं, म्हणून लिहितो.

गाडेवाल्याशी माझी ओळख झाली. आधी मी लांबून बोट दाखवून विकत घ्यायचो. आता खरबूज कानाशी धरून वाजवून पाहू लागलो. तो एक दिवस म्हणाला, “क्या सर, रोज का रोज इतना माल? दुकान डाले क्या?”

“गुच्छ बनवतो.”

“गुच्छा? द्राक्षाचा तर खुदा बनाके भेजता है ना, सर.”

“बाकीच्या फळांचा.”

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि दोन केळी वरून टाकली.

बूड म्हणून काय वापरावं हे वहिनींनी सांगितलं. पत्ताकोबी. “गच्च असती, हलत न्हाई, अन् उरली तर भाजीला होती.” हे त्या परदेशी बाईला सुचलं नव्हतं. काड्या बाजारातून आणल्या, बिनवासाच्या. केळ्यांना लिंबू चोळलं की ती काळी पडत नाहीत, हे वहीत होतंच. आणि एके दिवशी ओट्याखालचा खण उघडला. मार्चनंतर तो कुणी उघडला नव्हता. त्यात करंजीचं कातणं होतं, चाकाचं, नागमोडी. मी ते खरबुजावरून फिरवलं. काठ असा झाला की जणू शिंप्यानं लेस लावली. मी एकटाच ओट्यापाशी उभा राहून “वा!” म्हणालो, मोठ्यानं.

मग मला मस्ती चढली. आठवड्याभरात मी एक मोठा गुच्छ करायचं ठरवलं, सत्काराला होता त्याच्या तोडीचा. पहाटेपासून लागलो. पपई उभी चिरून तिचं कमळ केलं, पाकळीवर पाकळी. अननसाच्या चकत्यांची सूर्यफुलं केली, मधोमध काळी मनुका. अननसाचा तुरा शेंड्यावर लावला. पत्ताकोबीची पानं उलगडून खाली पसरली. खरं सांगतो, सुरेख झाला होता. मी तो बाहेरच्या खोलीत टीपॉयवर ठेवला, पडदा ओढला, प्रकाश नीट पडतो का पाहिलं आणि मुलीला हाक मारली. ती आली. पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. तिनं स्वतःहून हात पुढे केला. सूर्यफुलाची एक पाकळी तोडली. ओठांपर्यंत नेली.

तेवढ्यात वहिनी दारातून आत आल्या, बरोबर गल्लीतल्या आणखी दोघी होत्या.

“टाक! टाक ते खाली!”

वहिनींनी अशी झेप घेतली की पाकळी उडून पंख्याच्या खाली पडली. मागच्या दोघींनी टीपॉय उचलून दाराकडे नेलं, जणू त्यावर साप होता.

“अननस! अन् पपई! भाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं हे? दुश्मनानं?”

“काय झालं?”

“काय झालं म्हणता? पोटुशी बाईला कुणी अननस देतं का? पपई देतं का? आमच्या गावात लहान लेकराला बी माहीत हाय!”

“मला माहीत नव्हतं.”

“इतकी पुस्तकं वाचली अन् हे न्हाई वाचलं?”

“मोबाइलवर पाहिलं होतं.”

“ती मोबाइलवाली बाई पोटुशी होती का?”

मी खुर्चीवर बसलो. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तो मुलीनं माझ्या हातातून घेऊन स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, जिभेला लागलंसुद्धा नाही ना, मग कशाला घाबरता, आणि घरच्यांच्या मनात शंका असेल तर नका देऊ, फळं काय थोडी आहेत. सगळं ठीक होतं. पण मला हे कळलं की सगळ्या जगाला ठाऊक असलेली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण ती ठाऊक असण्याचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

आता गुच्छाचं काय करायचं? टाकायला कुणाचा हात होईना. वहिनी म्हणाल्या, “आम्ही कुठं पोटुशा हाव?” आणि त्या तिघी आमच्या पायरीवर बसल्या. आधी एकेक पाकळी, लाजत. मग लाज गेली. “लई ग्वाड हाय गं.” “ह्या कमळाला हात नको लावू, ते माझं.” “भाऊ, मीठ हाय का?” मी मीठ आणून दिलं. एकीनं अननसाचा तुरा डोक्यावर धरून दाखवला आणि त्या तिघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. रस्त्यानं जाणारी आणखी एक बाई थांबली, तिलाही सूर्यफूल मिळालं.

मुलगी दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. आधी कौतुकानं. मग तिचा चेहरा बदलला. लहानपणी मावसबहिणींना दोन लाडू आणि तिला एक मिळाला की व्हायचा तसा झाला.

“हे काय?” ती म्हणाली. “माझ्यासाठी केलेलं सगळ्या गल्लीनं खायचं, आणि मी नुसतं बघायचं? मला काहीच नाही?”

वहिनींच्या हातातली पाकळी हातातच राहिली.

“काय पाहिजे माय तुला?” त्यांनी अगदी हळू विचारलं, पाखरू उडेल अशा बेतानं.

मुलीनं विचार केला. “जांभळं,” ती म्हणाली. “मीठ लावून. पुष्कळ.”

मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. गाडेवाला जांभळं ठेवत नव्हता. त्यानं मला दोन चौक पलीकडच्या पाटीवालीकडे पिटाळलं. मी तिची निम्मी पाटी घेतली. घरी आलो, धुतली, मीठ लावलं, वाडगा तिच्यापुढे ठेवला. तिनं एक जांभूळ उचललं आणि मला म्हणाली, “तुम्ही सकाळपासून काय खाल्लं?”

“मी? खिचडी.”

“खोटं. पातेलं कालचं आहे, झाकण मी काढून पाहिलं. तुमची पँट बघा, दोरीनं बांधल्यासारखी झालीय.” तिनं जांभूळ माझ्यापुढे धरलं. “एक तुम्ही, एक मी. तुम्ही थांबलात की मी थांबणार.”

हा व्यवहार तिच्या आईचा होता, मुलीला लहानपणी गोवर झाला होता तेव्हाचा. मी मुकाट्यानं तोंड उघडलं. एक मी, एक ती. वाडगा संपला. मग आम्ही आरशापुढे जाऊन जिभा काढून पाहिल्या. दोन्ही जांभळ्या होत्या. एकोणसाठ वर्षांचा माणूस आरशापुढे जीभ काढून उभा आहे आणि पायरीवरच्या बायका खिडकीतून पाहून टाळ्या पिटतायत. ही आमच्या घरातली पहिली डोहाळ्यांची दुपार.

त्यानंतरचा महिना आम्ही दोघंही खात होतो. रोज फळांचं काहीतरी, आणि त्याच्या मागून भाकरी, भाजी, वरण हळूहळू आत आलं. डॉक्टरीणबाईंच्या काट्यानं मान्य केलं. “आता असंच चालू द्या,” त्या म्हणाल्या. “सातव्या-आठव्यात उतरायला नको.”

पण सातव्यात नेमकं तेच झालं. विहीणबाईंनी लातूरला डोहाळजेवण ठरवलं. मला म्हणाल्या, “वर्षाच्या आत करू नये म्हणत्यात लोक. पर दादा, पोटातल्याला कुठं कळतंय वर्ष? घरातल्या घरात करू. पाच बायका, बास. तुम्ही तिला घेऊन या, अन् माहेरची ओटी तेवढी आणा.” मी हो म्हणालो. मुलीनं हे ऐकलं. संध्याकाळी ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही.

“मला ओटी भरून घ्यायची नाही,” ती शेवटी म्हणाली. “सगळ्या बायका विचारणार, आई कुठंय. आणि मग माझ्याकडे बघणार.”

मी समजूत घालायला गेलो असतो तर काहीतरी पुस्तकी बोललो असतो. म्हणून गुच्छ करायला बसलो. ओटीसाठी करतोय असं तिला सांगितलं. तोवर हात बसला होता. मोसंबीच्या फोडी उलगडून शेवंती केली. डाळिंब वरून कापून, टोकं बाहेर वळवून, दाण्यांनी भरलेली वाटी केली. पेरूची कमळं, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, आतून गुलाबी निघाले ते. सफरचंदाचे हंस, लिंबू चोळून. सगळं परडीत, पत्ताकोबीवर, आणि वरून ओलं फडकं. अननस नाही, पपई नाही. वहिनींनी येऊन तपासणी केली आणि पास केलं. त्यांनाही घाईत दुसरं काही लक्षात आलं नाही.

सकाळच्या बसनं निघालो. परडी माझ्या मांडीवर, मुलगी खिडकीशी. तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. कंडक्टर आला, परडीकडे पाहत म्हणाला, “पाहुण्याला सीट पाहिजे का मांडी चालंल?” मी म्हटलं मांडी चालेल. लोह्याला एक म्हातारी चढली, हातात पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, आणि आमच्या शेजारच्या सीटवर बसली. बसल्या बसल्या मुलीकडे वळली.

“कितवा माय?”

“सातवा.”

“माहेरी चाललीस का सासरी?”

“सासरी. डोहाळजेवण आहे.”

“मग आई कुठं हाय?”

मुलगी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “गेली. मार्चमध्ये.”

मला वाटलं, झालं. पण म्हातारीनं च्‌-च् केलं नाही की डोळ्याला पदर लावला नाही. ती माझ्या परडीकडे पाहत होती. फडकं एका बाजूनं सरकलं होतं.

“मग हे कुणी केलं?”

मुलीनं माझ्याकडे बोट केलं.

“बापानं?” म्हातारीचा आवाज ड्रायव्हरपर्यंत गेला. “अगं बया! बापानं जामाची फुलं केली!”

पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या. मागचे उठून उभे राहिले. फडकं काढावं लागलं. हंस पाहून कुणीतरी शिट्टी मारली. “हे काय हाय? बदक?” “हंस हाय, मान बघ की.” “सर, तुम्ही शिंपी हाव का सोनार?” मी म्हटलं, ग्रंथपाल. “म्हणजे काय असतं?” कंडक्टरनं सांगितलं, “लायब्रीवाले. पुस्तकं देत्यात, परत मागत्यात.” माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मी तीस वर्षांत ऐकली नव्हती.

“खायली न्हाईस का तू?” म्हातारीनं मुलीला विचारलं.

“ते ओटीसाठी आहे.”

“ओटी कुणासाठी भरत्यात? पोटातल्यासाठीच ना? त्याला आत्ता भूक लागली असंल तर तू काय लातूर येऊस्तोवर थांब म्हणणार का त्याला? बाप गडी माणूस, सुरी धरून बसला, बोटं कापून घेतली, अन् ही बघत बसलीय! तोड.”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी परडी तिच्याकडे सरकवली. तिनं पेरूची एक पाकळी तोडली, हातात धरली, आणि माझ्यापुढे केली.

“एक तुम्ही.”

मी खाल्ली. तिनं दुसरी खाल्ली. मग तिसरी, मला न विचारता. पुढच्या सीटवरची म्हणाली, “मला त्यो हंस दे गं, माझा नातू बघंल.” “नातू कशाला, तूच खा.” म्हातारीला शेवंती गेली. कंडक्टरला डाळिंब गेलं, तो एका हातानं तिकिटं फाडत दुसऱ्या हातानं दाणे टिपत मागे गेला. अहमदपूर आलं तेव्हा परडी निम्मी झाली होती. चाकूरपर्यंत पत्ताकोबी आणि तिच्यात उभ्या काड्या उरल्या, साळिंदर बसल्यासारख्या. मुलीची हनुवटी रसानं चिकट झाली होती. तिनं शेवटची फोड चोखत विचारलं, “लातूरच्या स्टँडवर वडापाव मिळतो ना, बाबा?”

दारात विहीणबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. ओवाळून झालं, तसं त्यांनी परडीवरचं फडकं उचललं. खाली साळिंदर.

“दादा, हे काय आणलंय?”

“ओटीची फळं होती, ताई. फुलं केली होती त्यांची.”

“मग?”

“बसमध्ये खाल्ली,” मुलगी म्हणाली. “मी. आणि बाबांनी. आणि कंडक्टरनं. आणि एक आजी होत्या लोह्याच्या.”

विहीणबाई तिच्या हनुवटीकडे पाहत राहिल्या. “तू खाल्लीस?”

“हो. आणि वडापाव. दोन.”

त्यांनी परडी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. घरातल्या बायका बाहेर आल्या. “अगं दादांनी ओटीची फळं कापून आणली होती! कापून! अहो, ओटीत कापलेलं फळ घालत्यात का कधी? अखंड लागतं की हो! पाच, अखंड!”

हे मला माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं, पण अननस-पपई शोधण्याच्या नादात त्यांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे तो गुच्छ लातूरपर्यंत जसाच्या तसा पोचला असता तरी त्याचा काही उपयोग नव्हता. मी ओशाळून उभा होतो. विहीणबाईंनी मला खुर्ची दिली. “बसा दादा. तुमची ओटी बसमध्येच भरून झाली.” व्याही दुकानातून उठून पाच अखंड फळं घेऊन आले आणि ती माहेरची म्हणून माझ्या हातात ठेवली. आई कुठंय असं कुणी विचारलं नाही. बायका माझी थट्टा करण्यात इतक्या गुंतल्या होत्या की त्यांना ते सुचलंच नाही. मुलगी पाटावर बसली, ओटी भरून घेतली, आणि पंगतीला तिनं पुरणपोळी दुसऱ्यांदा मागितली. संध्याकाळी विहीणबाईंनी त्या भोकाभोकांच्या पत्ताकोबीची भाजी केली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

बाळंतपण नांदेडलाच झालं. मुलगी झाली, वजन डॉक्टरीणबाईंच्या मनासारखं. तीन महिन्यांनी दोघी लातूरला गेल्या. त्यांना सोडून परत आलो तेव्हा घर होतं तसंच होतं, रिकामं. खोट्या आशेनं सांगत नाही, रिकामपण कमी झालेलं नाही. सकाळी साडेसहाला, बायकोच्या चहाच्या वेळी, अजून कान ओट्याकडे जातो.

नात आता दीड वर्षाची आहे. मी नांदेडला एकटा राहतो. दोन्ही वेळा ताट वाढून घेतो, बसून जेवतो.